पालथी ढाल

आमच्या मावशीला कोणतीही वस्तू दिली की ती आधी पालथी करते. चहा दिला तर पिण्याआधी बशीचे बूड बघते. नव्या सोफ्यावर बसण्यापूर्वी वाकून त्याच्या पोटाखालचे कापड कसे ठोकले आहे ते बघते. एकदा एका समारंभात तिला मानचिन्ह मिळाले. लोक टाळ्या वाजवत असताना तिने ते उलटे धरून भिंगातून न्याहाळले आणि प्रमुख पाहुण्यांना हळूच सांगितले, "पितळ नाहीये हं हे. नुसता मुलामा आहे." भाषणे त्या दिवशी लवकर आटोपली.

हा तिचा स्वभाव नव्हे, ही तिची नोकरी आहे. शहराच्या संग्रहालयातला शस्त्रविभाग मावशी सांभाळते. विभागात ती, एक लोखंडी कपाट आणि एक पंखा एवढाच कर्मचारीवर्ग आहे, आणि पंखा निम्मा वेळ रजेवर असतो. कोणी जुनी तलवार, खंजीर किंवा चिलखताचा तुकडा घेऊन आले की तो मावशीच्या टेबलावर येतो. टेबलावर जाड लोकरी कापड, त्यावर एक भिंग, एक लोहचुंबक, पत्र्याची जाडी मोजायचा चिमटा आणि दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला लांब दांडीचा इवलासा आरसा. समोरच्या खुर्चीत वस्तूचा मालक. मालक वस्तूची थोरवी सांगत असतो आणि मावशी वस्तूची पाठ बघत असते.

"पुढची बाजू लोकांनी बघावी म्हणून केलेली असते," ती म्हणते. "खोटं बोलायचं ते माणूस तिथे बोलतो. मागे खोटं बोलायला वेळ कोणाला असतो?"

अशा बाईचे लग्न नेमके अशा घरात झाले, जिथे बैठकीच्या खोलीत एक ढाल टांगलेली होती.

ढाल पोलादी, गोल, मोठ्या परातीएवढी. अंगावर चार फुगीर टोप्या आणि मधोमध कुठल्याशा जुन्या लिपीतली अक्षरे. घराण्याच्या सांगण्यानुसार खापरपणजोबा फार लांबच्या एका लढाईत शेवटपर्यंत उभे राहिले, म्हणून कुठल्याशा राजाने ही ढाल त्यांना स्वतःच्या हाताने दिली, आणि तिच्यावर कोरवून घेतले की 'हा मागे हटला नाही'. ती लिपी घरातल्या कोणालाच वाचता येत नसे. अर्थ मात्र पाळण्यातल्या मुलालाही पाठ होता.

मावशी नुकतीच नोकरीला लागलेली होती. नवी सून घरात आली, पाणी प्यायली आणि खुर्चीवर चढली. तिने ढाल खिळ्यावरून अर्धी उचलून मागे डोकावायला आणि सासूबाईंनी स्वयंपाकघरातून बाहेर यायला एकच गाठ पडली.

"काय करतेयस गं?"

"मागून बघते."

"मागून? अगं, देवमाणसाची वस्तू ती. तिला मागून काय बघायचं?"

त्या घरात ढालीला मागची बाजू असते हेच कोणाच्या गावी नव्हते. त्या दिवसापासून सुनेने ढालीला हात लावायचा नाही असे ठरले आणि ते पाळलेही गेले. पुढे मावशीचे डोके पिकले. परगावाहून लोक आपापली हत्यारे फडक्यात बांधून तिच्याकडे यायचे, तिच्या एका शब्दावर वस्तू काचेच्या कपाटात जायची किंवा भंगारात. पण घरच्या ढालीबद्दल तिचे मत कोणी विचारले नाही. तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, यांचे तर कशाबद्दलच काही मत नसे. संसार सुखाचा होण्याचे ते एक मोठे कारण.

ढालीचा खरा कारभारी म्हणजे मावशीचे धाकटे दीर. त्यांना सगळे भाऊजीच म्हणतात, अगदी दूधवालासुद्धा. विमा कचेरीतून निवृत्त झालेला उंच, ताठ, खणखणीत आवाजाचा माणूस. आयुष्यभर त्यांनी दोन कामे नेमाने केली. ढालीची गोष्ट सांगितली आणि राख-लिंबू लावून ढाल घासली. घासताना गोष्ट सांगत, त्यामुळे दोन्ही चकचकीत राहिल्या.

मावशी आणि काका केव्हाच वेगळे राहायला गेले होते. भाऊजींच्या पत्नी वारल्यावर मोठे घर त्यांना एकट्याला खायला उठू लागले. मुलीने त्यांना आपल्याकडे राहायला बोलावले. तिच्या घरात भिंत अशी नव्हतीच. जिथे भिंत असायची तिथे कपाट होते आणि कपाट नव्हते तिथे खिडकी होती. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही या. ढाल नका आणू."

त्याच सुमारास संग्रहालयात नवे दालन तयार होत होते. भाऊजींनी ठरवले, ढाल द्यायची तर तिथे द्यायची. पाहुणा आत शिरला की समोर ढाल, शेजारी पाटीवर खापरपणजोबांची हकीकत. अडचण एवढीच की नव्या दालनाचा नियम कडक होता. जिचे मूळ ठाऊक आहे आणि अस्सलपणा तपासलेला आहे अशीच वस्तू तिथे लागणार होती. बाकीच्यांची रवानगी गोदामात. आणि तपासणार कोण, तर मावशी.

मावशीने संचालकांना सांगून पाहिले, "माझ्या सासरची वस्तू आहे. दुसऱ्या कोणाकडे द्या."

संचालकांनी खोलीभर नजर फिरवली. "पंख्याकडे देऊ?"

मग एके सकाळी भाऊजी जुन्या शालीत गुंडाळलेली ढाल छातीशी धरून मावशीच्या समोरच्या खुर्चीत येऊन बसले. घरी तिच्या हातचे शेकडो वेळा जेवलेला माणूस, पण इथे येताना इस्त्रीचा सदरा घातलेला.

"ढाल आणलीय, वहिनी."

"ठेवा ना."

"ठेवतो. पण पालथी घालायची नाही."

"मग काय करू भाऊजी? मुलाखत घेऊ तिची?"

भाऊजींनी थोडा वेळ पंख्याकडे पाहिले. पंखा बंद होता. "घाला," ते म्हणाले. "मी तिकडे बघतो."

मावशीने ढाल पालथी केली. ढालीची बरीचशी हकीकत त्या पाठीवर होती आणि ती चांगली होती. पत्रा कडेला जाड आणि मध्यावर पातळ, म्हणजे गिरणीत लाटलेला नव्हे, हातोडीने पसरवलेला. हातोडीचे ठोके गावाकडच्या रस्त्यावरच्या खड्ड्यांसारखे एकात एक मिसळलेले. चारही टोप्यांतून मागे आलेले खिळे एकसारखे नव्हते. मधोमध हात टेकवायची चामड्याची गादी, जुन्या दोऱ्याने शिवलेली. ढाल अस्सल होती. मावशीच्या भिवया समाधानाने वर गेल्या, आणि हे तिच्या बाबतीत दुसऱ्या कोणी उडी मारण्यासारखे आहे.

मग तिने ढाल सुलटी केली, अक्षरांवर भिंग धरले, आणि भिवया खाली आल्या.

"भाऊजी, ही अक्षरं फारच स्वच्छ आहेत."

"असणारच. आम्ही कधी पुसट होऊ दिली नाहीत."

"म्हणजे?"

"म्हणजे घासून घासून जरा झिजली की कोरून घ्यायची. आजोबांनी घेतली, बाबांनी घेतली, बाबांच्या पंचाहत्तरीला मी घेतली." भाऊजींनी सदऱ्याच्या टोकाने ढालीची कड पुसली. "इतर घरांत बघा, वस्तू नुसत्या टांगून ठेवतात. आमच्यासारखी निगा कोणी राखली नसेल."

मावशीने पेन खाली ठेवले. चोरांनी, वाळवीने, दमट हवेने केलेले नुकसान तिने पुष्कळ पाहिले होते. इतके प्रेमाने केलेले नुकसान ती प्रथमच पाहत होती. आधी राखेने मूळ अक्षरे झिजवायची, मग ज्याला ती वाचता येत नाहीत अशा माणसाकडून त्यांवर नवी कोरून घ्यायची, आणि हे पिढ्यानपिढ्या, वडिलांना नमस्कार करून.

तिने जुन्या लिप्यांच्या विभागातल्या लिपीवाल्यांना बोलावले. ते सडपातळ गृहस्थ एरवीही कुजबुजल्यासारखे बोलतात. त्यांनी ढालीवर वाकून बराच वेळ काढला.

"अक्षरांसारखं दिसतंय," ते कुजबुजले.

"काय लिहिलंय?"

"अक्षरांसारखं दिसतंय असं म्हणालो मी. अक्षरं आहेत असं नाही म्हणालो. एवढी शेपटं या लिपीत नसतात."

शेपटे मावशीने कुठेतरी पाहिली होती. त्या रविवारी ती काकांना घेऊन भाऊजींकडे चहाला गेली. बैठकीच्या खोलीत ढालीच्या जागी भिंतीवर फिकट गोल उरला होता आणि त्याच्या खाली काचेच्या कपाटात भाऊजींचा टेबल टेनिसचा करंडक होता. 'उपविजेता' या शब्दातून निघालेले प्रत्येक शेपूट ढालीवरच्या शेपटाचे सख्खे भावंड होते.

करंडकांचे दुकान कोपऱ्यावरच होते, जेमतेम दोन माणसे मावतील एवढे, छतापर्यंत चषक रचलेले. करंडकवाल्याने मावशीने दाखवलेले छायाचित्र दिव्याखाली धरले आणि त्याचा चेहरा खुलला.

"हे आमच्या बाबांचं काम."

"त्यांना ही लिपी यायची का?"

"त्यांना कुठलीच लिपी धड यायची नाही हो. समोर दिसेल ते काढायचे आणि मोकळं वाटलं तर भर घालायचे. शेपटं काढल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. आईच्या डब्यांवरसुद्धा काढलीत."

त्यानंतर भाऊजींना पुन्हा टेबलासमोर बोलावण्यात आले. मावशीने पंखा सुरू होतो का ते पाहिले, तो झाला नाही, आणि मग तिने तिला काय लिहावे लागेल ते सांगितले. ढाल जुनी, हातघडणीची. लेख अलीकडचा, वाचता न येणारा. मूळ ठाऊक नाही. म्हणजे गोदाम.

"गोदाम," भाऊजी म्हणाले.

"कोरडं आहे. मी स्वतः लक्ष ठेवीन."

"वहिनी, एक बोलू? तुम्ही या घरात आलात त्या दिवसापासून याच क्षणाची वाट बघत होतात."

"वाट कुठे बघितली? आल्या आल्या खुर्चीवर चढले होते."

"थट्टा नका करू. मुलगी म्हणते ढाल नको. तुम्ही म्हणता खोटी आहे."

"ढाल खोटी म्हटलं नाही मी. अक्षरं खोटी म्हटलं."

"अक्षरं गेली तर उरलं काय? परात?" भाऊजींचा खणखणीत आवाज पहिल्यांदाच बसला. "नाक्यावरचा एक हॉटेलवाला ढाल मागायला रोज फोन करतो. गल्ल्याच्या वर लावतो म्हणतो. वर दिवा सोडतो म्हणतो. पाटीवर मी सांगेन ते लिहायला तयार आहे तो."

मावशीने ढाल पुन्हा पालथी केली आणि मधल्या गादीवर बोट ठेवले. "ही गादी मला काढून बघायचीय. शिवण मोकळी करून. मालक हो म्हणाल्याशिवाय मी काढू शकत नाही."

"गादी? जिथे खापरपणजोबांचा हात टेकायचा ती?"

"तीच."

"तिथे त्यांचा घाम मुरलाय, वहिनी."

"असेल. पण पुढे तुमच्या घराने काहीच शिल्लक ठेवलं नाही, भाऊजी. घासायचं राहिलं असेल तर या गादीखालीच राहिलं असेल."

हे ऐकून भाऊजी रागावतील असे बरोबर आलेल्या काकांना वाटले आणि ते दाराकडे सरकले. पण भाऊजींनी विमा कचेरीत आयुष्य काढले होते. काय बुडाले आणि काय वाचण्याची शक्यता आहे, हा हिशेब त्यांना कळत होता. "धरून मी ठेवणार," ते म्हणाले.

भाऊजींनी दोन्ही हातांनी ढाल धरली. मावशीने बारीक कात्रीने दोरा टाक्याटाक्याने तोडला. कडक झालेले चामडे उलथण्यासारख्या पातळ पात्याने हळूहळू सुटे केले. आतून भुसा झालेले केस, गवताच्या काड्या आणि एक मेलेले झुरळ निघाले. झुरळाच्या वयाबद्दल मावशीने काही मत दिले नाही.

खाली पत्रा काळा होता. राख-लिंबाचा हात तिथे कधीच पोहोचला नव्हता. आणि त्या काळ्या पत्र्यावर, दिवा तिरपा धरल्यावर, उंचवट्यांच्या ओळी दिसल्या.

करंडकवाला कोरणी हाताने ढकलून कोरतो, त्याची मागे खूण उठत नाही. पण ज्याने मूळ लेख घातला त्याने तो छिन्नीवर हातोडी मारून घातला होता. पातळ पत्र्यावर प्रत्येक घाव मागे उमटला होता. पुढची अक्षरे पिढ्यान्‌पिढ्या झिजली, बदलली, त्यांना शेपटे फुटली. मागे त्यांचे पाठमोरे उंचवटे जसेच्या तसे बसून होते.

लिपीवाले धावत आले. धावत म्हणजे त्यांच्या मानाने. मावशीने इवलासा आरसा धरला, ते आरशात वाचू लागले आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज खोलीच्या दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू आला.

"उत्तर वेस. पहारा." त्यांनी श्वास घेतला. "जोडीतली डावी."

"पुढे?" भाऊजींनी ढाल दिव्याकडे आणखी कलती केली.

"वेशीबाहेर नेऊ नये."

ओळीच्या शेवटी तीन पानांच्या फांदीची खूण होती, आणि तीच खूण मावशीच्या लोखंडी कपाटातल्या एका भाल्याच्या पात्यावर होती. ते पाते शहराच्या जुन्या शस्त्रागारातून आलेले. मूळ सापडले होते. उत्तरेची वेस आता नाही, तिथे बस वळते. लांबच्या लढाईतून आलेली ढाल भाऊजींच्या घरापासून बसच्या दोन थांब्यांवरून आली होती.

"म्हणजे खापरपणजोबा," भाऊजी सावकाश म्हणाले, "पहारेकरी होते, की चोर?"

"ते ढालीवर लिहिलेलं नाही," मावशी म्हणाली.

"दोन्ही असतील," काका म्हणाले. त्यांचे लग्नानंतरचे हे बहुधा पहिलेच मत. "पगार वेळेवर होत नसेल."

संचालक हरखून गेले. पराक्रमाची बक्षिसे म्हणून मिरवल्या जाणाऱ्या ढाली त्यांना रोज कोणी ना कोणी आणून दाखवी. साध्या पहाऱ्याच्या ढाली मात्र कोणी जपून ठेवत नाही, त्या वितळवून टाकतात. ही दालनात घ्यायचीच असे त्यांनी ठरवले, पण दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या. पाटीवर राजा येणार नाही. आणि लेख मागे असल्यामुळे ढाल लोकांकडे पाठ करून टांगावी लागेल.

भाऊजी सही न करता घरी गेले. दोन-चार दिवस त्यांचा फोन नाही. मावशीनेही केला नाही. ती गादी एका खोक्यात नीट ठेवून, झुरळासकट नोंदवून, दुसऱ्या कामाला लागली होती. एवढेच की त्या दिवसांत तिने चहा पिताना बशी पालथी केली नाही, असे काका सांगतात.

मग भाऊजी आले. या खेपेला साधा सदरा.

"हॉटेलवाल्याकडे जाऊन आलो," ते म्हणाले. "जागा चांगली आहे. दिवाही दाखवला त्याने."

"मग द्या त्याला. मी वेष्टन बांधून देते. कड जपायला सांगा."

"त्याला म्हटलं, अहो, गोष्ट थोडी वेगळी निघालीय. तर म्हणाला, कुठली का असेना, तुम्ही सांगाल ती लिहू." भाऊजी खुर्चीत बसले. "वहिनी, त्याने एकदासुद्धा विचारलं नाही की खरं काय निघालं. त्याला ढाल काय, परात दिली असती तरी त्याने दिवा सोडला असता."

मावशीने कागद पुढे केला. भाऊजींनी पेन घेतले आणि पाटीचा मजकूर वाचू लागले. वाचता वाचता अडखळले.

"'पुढील बाजूचा मूळ लेख मालकांच्या घराण्याने नष्ट केला.' नष्ट? जपला लिहा."

"जपला नाही, भाऊजी."

"नष्ट करायला आम्ही काय शत्रू होतो?"

यावर दोघांची बरीच झकाझकी झाली. लिपीवाले मध्यस्थीला आले आणि परत गेले. अखेर मावशीने 'नष्ट' खोडले आणि लिहिले, 'पुढील बाजूची अक्षरे घराण्याने वेळोवेळी पुन्हा कोरून घेतली.' भाऊजींनी ते दोनदा वाचले. खोटे नव्हते. त्यांनी सही केली.

ढाल आता नव्या दालनात आहे, पाठ लोकांकडे आणि तोंड भिंतीकडे. पुढची बाजूही दिसावी असा भाऊजींचा हट्ट पडला, म्हणून मावशीने मागे भिंतीवर आरसा बसवून घेतला. आरशात शेपटांची अक्षरे उलटी दिसतात. सुलटी होती तेव्हाही ती कोणाला वाचता येत नव्हती, त्यामुळे फारसे काही बिघडलेले नाही.

भाऊजी मुलीकडे राहतात आणि आठवड्यातून एकदा तरी दालनात चक्कर टाकतात. परवा एक बाई पाटी वाचून त्यांना विचारत होत्या, ही ढाल ज्यांच्या घरात होती ते लोक त्या पहारेकऱ्याचेच वंशज का. भाऊजींनी घसा खाकरला. शेजारच्या कपाटाशी मावशी चाव्या घेऊन उभी होती, तिच्याकडे एकदा पाहिले. राजाची गोष्ट ओठांवर आलेली असणार.

"ते त्या बाईंना विचारा," ते म्हणाले. "त्या सांगतील की माहीत नाही. आणि त्यांना माहीत नाही म्हणजे कोणालाच माहीत नाही."